कोपराखालचा हात

आमच्या शाळेत मला सगळे मावशी म्हणतात. मोठ्या बाई म्हणतात, मुलांचे आईबाप म्हणतात. फाटकावरचा म्हातारा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा आहे, तोही म्हणतो. मुलं मात्र म्हणत नाहीत. आमच्या वर्गातल्या सहा मुलांपैकी पाच जणांना बोलता येत नाही आणि सहावी जी बोलते, ती मला नुसतं ‘ए’ म्हणते.

माझं काम सांगायला सोपं आहे. सकाळी मुलांना गाडीतून उतरवून पट्ट्याच्या खुर्चीत बसवायचं, लाळेरं बदलायचं, डबा भरवायचा, चड्डी ओली झाली तर बदलायची, आणि बाई शिकवत असताना ज्याचा हात थरथरतो त्याच्या हाताला आधार द्यायचा. शिकवायचं काम बाईंचं. मी आपली हाताखालची.

रोज पहाटे देवापुढे दिवा लावल्यावर मी तीन गोष्टी मनाशी म्हणते. आज कुणाला टाकून बोलणार नाही. आज खोटं बोलणार नाही. आज आधी कुणाला तरी घास देईन आणि मगच खाईन. सव्वीस वर्षं हा नेम चालू आहे. तिसरी गोष्ट सगळ्यांत सोपी, कारण आमच्या शाळेत भरवायला तोंडं कमी पडत नाहीत. दुसरीही मला सोपीच वाटायची. खोटं बोलायचं ते तोंडाने, असं मी धरून चालले होते.

गोगी आमच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती. तिचा बाप मालाची गाडी चालवायचा आणि महिन्यातून दोनदाच घरी असायचा. त्याने लाडाने तिला गोगलगाय म्हणायला सुरुवात केली, त्याचं गोगी झालं. तो म्हणायचा, आमची गोगलगाय शर्यतीत शेवटची येईल, पण येईल. तिचे हातपाय जन्मापासून तिच्या ताब्यात नव्हते. एक वस्तू घ्यायला हात निघाला की तो भलतीकडेच जायचा, वाटेत ताठ व्हायचा, कधी स्वतःच्याच गालावर आपटायचा. बोलणं नव्हतं. हसायची मोठ्याने, रडायची मोठ्याने. हसणं आणि रडणं यांच्या मधलं तिच्या मनात काय चाललंय, ते कुणालाच कळत नव्हतं.

तिची आई कापडाच्या गिरणीत तपासणीला होती. उजेडाच्या मेजावरून दिवसभर कापड सरकत असतं आणि त्यात कुठे गाठ आहे, कुठे धागा सुटलाय, ते बघून तिथे तिने लाल कागदाचा तुकडा चिकटवायचा. नजर अशी की माझ्या बाहीची उसवलेली शिवण मला दिसायच्या आधी तिला दिसायची. पण स्वतःच्या लेकीच्या तोंडाकडे बघून तिला काही वाचता यायचं नाही. ती मला एकदा म्हणाली होती, की मावशी, बाकी सगळं मी सोसते, पण हिला भूक लागली की पोट दुखतंय एवढंही मला कळू नये, हे सोसत नाही.

गोगी सात वर्षांची झाली तेव्हा शाळेत टॅब आले. सहा मुलांना सहा, आणि त्यांत मुलांना शिकवायचं एक सॉफ्टवेअर. पडद्यावर चार चित्रं येतात. आतून आवाज येतो, ‘कप दाखव.’ मुलाने कपावर बोट ठेवलं की घंटा वाजते आणि पडदाभर चांदण्या पडतात. दहांतली आठ बरोबर आली की पुढची पायरी. आठव्या पायरीपासून बोलकी पाटी उघडते. तिच्यात शब्दांची चित्रं असतात, त्यांवर बोट ठेवलं की लहान मुलीच्या आवाजात तो शब्द ऐकू येतो. दर शुक्रवारी आठवड्याचा सगळा हिशेब आपोआप आईबापांच्या मोबाइलवर जातो.

हे सगळं दाखवायला एक तरुण मुलगी दोन दिवस येऊन राहिली होती. तिने मला नीट समजावलं. आधार द्यायचा तो कोपराला, मनगटाला नाही. हात वर तोलून धरायचा, ढकलायचा नाही, आणि महिन्यामहिन्याने आधार कमी करत न्यायचा. आणि धडा सुरू होताना दोन बटणं येतात. ‘आधाराने’ आणि ‘स्वतःहून’. कोपराखाली हात असेल तर पहिलं दाबायचं, नसेल तर दुसरं.

मी हो म्हटलं आणि दोन दिवस तसंच केलं. पण ‘आधाराने’ दाबलं की घंटा वाजत नाही. चांदण्या पडत नाहीत, नुसती एक बारीक खूण येते, आणि पायरीही चढत नाही. शेजारच्या मुलाचा टॅब वाजायचा आणि गोगी मान वळवून वळवून तिकडे बघायची, घंटेचा आवाज विरला की तिचं तोंड पडायचं. माझ्याने ते बघवेना. तिसऱ्या दिवशी मी मनाशी म्हटलं, अगं, नुसतं कोपर तर धरतेस. बोट तर तिचंच आहे. आणि मी दुसरं बटण दाबलं.

घंटा वाजली. गोगी अशी हसली की खुर्चीचे पट्टे ताणले गेले.

त्यानंतर मी कधी पहिलं बटण दाबलं नाही.

गोगी पायऱ्या चढत गेली. पहिली, दुसरी, चौथी. बाईंना नवल वाटलं, मग अभिमान वाटायला लागला. बाहेरचं कुणी शाळा बघायला आलं की बाई त्यांना सरळ गोगीपाशी आणायच्या. माझ्या हातातलं तिचं कोपर हळूहळू सैल, शहाणं होत गेलं. मला वाटायचं, तिचं मन वाट शोधत होतं, ती तिला सापडली. रोज पहाटे दिव्यापुढे मी तिच्यासाठी हात जोडत होते, आणि मनातल्या मनात म्हणत होते, देवा, तू ऐकलंस.

आठवी पायरी आली आणि बोलकी पाटी उघडली. त्या शुक्रवारी गोगीची आई पाळी संपवून थेट शाळेत आली. बुटक्या स्टुलावर बसली. मी गोगीचं कोपर धरलं होतं. बोट पाटीवरून फिरलं, एका चित्रावर थांबलं. टॅब म्हणाला, ‘आई.’ मग बोट खाली आलं, उजवीकडे गेलं, पुन्हा थांबलं. टॅब म्हणाला, ‘दमली.’

तिची आई स्टुलावरून खाली जमिनीवर बसली आणि लेकीच्या पायांना मिठी मारून रडली. आठ वर्षांत असं मला कुणी विचारलं नव्हतं, असं काहीतरी ती म्हणत होती. मग डोळे पुसून तिने मोबाइल काढला आणि पुन्हा एकदा म्हणायला लाव म्हणाली. पुन्हा बोट फिरलं. ‘आई. दमली.’ तिने तो आवाज मोबाइलमध्ये धरून ठेवला. गिरणीत जेवणाच्या सुट्टीत ती तो ऐकते, तिच्या बरोबरीच्या बायकांनाही ऐकवते, हे मला पुढे कळलं. बापाने लांबून कुठून तरी फोन करून तो ऐकला आणि म्हणे म्हणाला, की मी दमतो ते नाही का दिसत तिला? मग दर शुक्रवारी त्याच्यासाठीही काहीतरी असायचं. ‘बाबा. गाडी. ये.’

यंदा गोगी बाराव्या पायरीला पोचली. बाराव्या पायरीच्या मुलांना पुढची शाळा घेते. ती मोठी शाळा, चांगली शाळा. तिथे टॅब घेऊन मुलं साध्या वर्गात बसतात, वाचायला लिहायला शिकतात. आमच्याकडे कोपर धरायला मी आहे, तिथे मुलामागे मावशी नसते. वर्षाला आमच्या शाळेसाठी तिथे एकच जागा. बाईंनी गोगीचं नाव पाठवलं. तिथल्या शिक्षिका येऊन तिला बघणार, असं ठरलं. तारीख कळली त्या दिवशी गोगीच्या आईने मुकादमाकडून सुट्टीही मागून घेतली.

त्या तारखेला सोळा दिवस होते, तेव्हा आमचे हे माझ्या चष्म्यावर बसले.

बसले आणि वर मलाच म्हणाले, की चष्मा खुर्चीवर ठेवायची वस्तू आहे का? चाळीस वर्षांच्या संसारात चूक नेहमी खुर्चीचीच असते. नवीन चष्मा चार दिवसांनी मिळणार होता. मी तशीच शाळेत गेले. लांबचं मला दिसतं, जवळचं नुसतं रंगांचं मिसळण. गोगीला बसवलं, कोपराला हात लावला, बटण दाबलं. आतून आवाज आला, ‘छत्री दाखव.’ बोट गेलं. घंटा नाही. ‘कुत्रा दाखव.’ घंटा नाही. दहा झाले, एकदाही घंटा वाजली नाही.

बाई म्हणाल्या, आज तिचं मन नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दहांत एक. आधीच्या आठवड्यात तीच मुलगी दहांत दहा आणत होती. चौथ्या दिवशी चष्मा आला, मी तो डोळ्यांवर चढवला, आणि गोगीने दहांत नऊ आणले. बाई हसून म्हणाल्या, आलं बाई मन ताळ्यावर.

मी चष्मा परत काढला आणि हातात धरून त्याच्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या नजरेआड, मधल्या सुट्टीत, गोगीला घेऊन बसले. एकदा चष्मा लावून, एकदा चष्मा काढून, असं वीस वेळा केलं. मला चित्र दिसलं की गोगीला येत होतं. मला दिसलं नाही की तिचं बोट कुठेही जात होतं, बहुतेकदा उजव्या कोपऱ्यात खाली, कारण तो तिच्या हाताला जवळ पडतो. मी तेव्हा तिच्या तोंडाकडे पाहिलं. दोन वर्षांत धडा चालू असताना मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं, मी पडद्याकडे बघत होते. ती खिडकीकडे बघत होती. घंटा वाजली की मात्र ती हसायची.

मी ढकलत नव्हते, हे मी देवाची शपथ घेऊन सांगेन. मला माझा हात हललेला कधी कळलाच नाही. पण हलत होता तो माझाच. कप माझा, छत्री माझी, कुत्रा माझा. ‘आई दमली’ही माझंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा लावला आणि दुसऱ्या गोष्टीपाशी येऊन माझी जीभ अडली. दोन वर्षं मी रोज सकाळी खोटं बोलणार नाही म्हणत होते आणि दहा वाजता जाऊन ‘स्वतःहून’ दाबत होते.

मी बाईंना सगळं सांगितलं. बाई चांगल्या आहेत, पण सहा मुलं, चार अहवाल आणि स्वतःची अंथरुणाला खिळलेली सासू, एवढं त्यांच्या डोक्यावर असतं. त्यांनी टेबलावरचे कागद एकावर एक रचले. मग हळूच म्हणाल्या, की मावशी, झाकली मूठ झाकलीच राहू द्या. एकदा ती आत गेली की तिथली माणसं बघून घेतील, त्यांच्याकडे शिकलेली माणसं आहेत. तुम्ही हे बोललात तर तिची जागा जाईल, शाळेचं नाव जाईल, आणि त्या आईचं काय होईल ते तुम्हीच ठरवा.

मी म्हटलं, तिथे तिचं कोपर कुणी धरणार नाही. टॅब समोर ठेवतील आणि ती दिवसभर खिडकीकडे बघत बसेल. कुणाला वाटेल आळशी आहे, कुणाला वाटेल हट्टी आहे. ज्या मुलीला सगळं येतं तिला कुणी पहिल्यापासून काही शिकवणार नाही.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. नको म्हणाल्या नाहीत, एवढंच.

मी दुपारी गिरणीत गेले. पहारेकऱ्याने जेवणाची सुट्टी होईपर्यंत आतल्या दाराशी उभं राहू दिलं. तिथून तिचं मेज दिसत होतं. खालून दिवे, वरून पांढरं कापड सरकत येत होतं, आणि ती वाकून बघत होती. ताका थांबवला, लाल तुकडा लावला, ताका सोडला. तिचा हात एकदाही चुकीच्या जागी गेला नाही. मला वाटलं, परत फिरावं. शरमेने नव्हे. तिच्या चेहऱ्यावर काम करतानाही एक समाधान होतं. ते तिच्याकडे आधी नव्हतं, दोन वर्षांत आलेलं होतं.

सुट्टी झाली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. तिने डब्याचं झाकण उघडून माझ्यापुढे धरलं आणि हसून म्हणाली, मावशी, आज तुम्हीच माझा पहिला घास घ्या, तुमच्या नेमाचं पुण्य मलाही लागू दे. मी घास हातात धरून तसंच सगळं सांगितलं. चष्म्यापासून सुरुवात केली, मग मागे गेले, मग बटणापर्यंत आले.

ती ऐकत होती. ऐकताना तिने डब्याचं झाकण परत लावलं.

मग म्हणाली, “आणि ‘आई दमली’?”

“त्या शुक्रवारी तू आलीस तेव्हा तुझ्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या,” मी म्हटलं. “मला वाटलं, किती दमली आहे ही.”

“म्हणजे ते तुम्ही बघितलंत.”

“हो.”

“तिने नाही.”

“तिने बघितलं की नाही, मला माहीत नाही गं. कळून घ्यायचं राहूनच गेलं, माझ्यामुळे.”

ती मान खाली घालून आपल्या बोटांकडे बघत राहिली. बोटांना लाल कागदाचा डिंक चिकटला होता, तो ती नखाने काढत होती. मग अगदी खालच्या आवाजात, हिशेब मांडल्यासारखं, म्हणाली, की त्या मोठ्या शाळेच्या बाई येतील तेव्हा तुम्ही नेहमीसारखं कोपर धरा. ती आत जाऊ दे. पुढचं माझं मी बघीन, नोकरी सोडून तिच्या वर्गाबाहेर बसेन. मी म्हटलं, वर्गाबाहेर बसून तू काय करशील? मी हात धरला तसा तू धरशील? मग ती आणखी किती वर्षं गप्प राहील?

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ती मला कधी टाकून बोलली नव्हती.

“तुमचा नेम मोडला म्हणून आलात ना तुम्ही? मला सांगितलंत की तुमचं मन हलकं होणार. तुम्ही घरी जाऊन शांतपणे दिवा लावणार. आणि माझ्या पोरीची वाचा गेली त्याचं काय? ती होती, मावशी. परवापर्यंत होती.”

मी आले ती माझ्यासाठी की गोगीसाठी, हे त्या क्षणी देवाने विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. भोंगा झाला. ती उठली, डबा काखेत घेतला आणि आत गेली. घास माझ्या हातात तसाच होता. मी तो बाकाच्या कडेला चिमण्यांसाठी ठेवला आणि चालत घरी आले.

ठरल्या दिवशी गोगीची आई आली. गोगीला तिने स्वच्छ निळा झगा घातला होता, केसांना दोन्हीकडे चाप लावले होते. बापही आला होता, गाडी वाटेत कुठेतरी उभी करून. त्याला तिने काही सांगितलं नसावं, कारण तो फाटकावरच्या म्हाताऱ्याला सांगत होता, की आता आमची गोगलगाय मोठ्या शाळेत जाणार, तिथली घंटा व्हायच्या आधी पोचायला आजच निघायला हवं.

पुढच्या शाळेच्या शिक्षिका तरुण होत्या, हसऱ्या होत्या. त्यांनी टॅब गोगीसमोर ठेवला आणि मला म्हणाल्या, तुम्ही रोजच्यासारखं बसा, ती बुजायला नको. मी बसले. बाई दाराशी उभ्या होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. मी रात्रभर मनाशी ठरवून आले होते की हात लावायच्या आधी बोलायचं. पण तोंड उघडायच्या आधी माझा हात सवयीने कोपराकडे निघाला.

तेवढ्यात मागून गोगीची आई म्हणाली, “मावशी, चष्मा काढा.”

बाप म्हणाला, अगं, हे काय? त्या शिक्षिकाही गोंधळल्या. ती पुन्हा तेच म्हणाली, तेवढ्याच शांतपणे. मी चष्मा काढून मांडीवर ठेवला, अंदाजाने नेहमीचं बटण दाबलं. कोपराला हात लावला. पडद्यावरून आवाज आला, ‘घर दाखव.’

घर कुठे होतं मला दिसलं नाही. दहा वेळा आवाज आला, दहा वेळा बोट गेलं, आणि खोलीत एकदाही घंटा वाजली नाही. गोगीची आई पडद्याकडे बघत नव्हती. ती समोर येऊन वाकून लेकीच्या तोंडाकडे बघत होती, उजेडावरून सरकणाऱ्या कापडाकडे बघावं तशी. सहाव्या की सातव्या वेळेला तिने डोळे मिटून घेतले आणि परत उघडले. शेवटचा आवाज संपल्यावर ती सरळ उभी राहिली आणि त्या शिक्षिकांना म्हणाली, की तुम्हाला उगाच एवढ्या लांब यावं लागलं, चुकी झाली. मग मी उठून जे सांगायचं होतं ते सांगितलं, बटणासकट. शिक्षिकांनी लिहून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, असं होतं, आणखीही ठिकाणी होतं. मला त्याने बरं वाटलं नाही.

बापाला सगळं कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. मी जवळून गेले तेव्हा त्याने एवढंच विचारलं, की ‘बाबा गाडी ये’ हेही का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, “मी त्यासाठी चार खेपा सोडून आलो होतो हो, मावशी.” आणि तो हसायचा प्रयत्न करत होता.

गोगी आमच्याकडेच राहिली. जागा दुसऱ्या मुलाला गेली. बाईंनी मला काढलं नाही, मीच विचारलं तेव्हा म्हणाल्या, तुम्हाला काढून कोपर कोण धरणार, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन फळा पुसायला लागल्या. गोगीच्या नावावरच्या बारा पायऱ्या पुसून टाकायला परवानगी लागते. परवानगी आली, आणि मी माझ्याच हाताने पुसल्या. आता टेबलावर एक उंचवटा केला आहे, त्यावर वाळूची पिशवी. गोगीचं कोपर तिच्यावर टेकतं. पडद्यावर चारांऐवजी दोनच चित्रं, मोठी मोठी. ‘स्वतःहून’चं बटण मी आता खरंच दाबते, आणि तिला हात लावायचा मोह होऊ नये म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते. पहिले तीन आठवडे घंटा वाजली नाही. गोगी घंटेची वाट बघायची, मग रडायची, मग दमून झोपायची. शुक्रवारचा निरोप तिच्या आईच्या मोबाइलवर जायचा, शून्य, शून्य, शून्य. ती शाळेत यायची बंद झाली होती. गोगीला गाडीत बसवून द्यायची आणि उतरवून घ्यायची.

चौथ्या शुक्रवारी ती आली. पाळीवरून थेट. स्टूल ओढून बसली. मी तिला बस म्हटलं नाही, तिने मला कशा आहात विचारलं नाही. मी धडा लावला. ‘कप दाखव.’

गोगीने पडद्याकडे पाहिलं नाही, खिडकीकडेही पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिचा हात वाळूच्या पिशवीवरून सुटला, भलतीकडे गेला, ताठ झाला, परत आला. मला वाटलं, पुन्हा गालावर आपटणार. पण ती खांद्यापासून जोर लावत होती. सबंध अंग वाकडं करून, पट्टे ताणून, तिने कोपर माझ्या बाजूला आणलं आणि माझ्या दंडावर टेकवलं. घसरलं, तर पुन्हा आणलं.

दोन वर्षांत ती एवढंच शिकली होती.

“काय म्हणते?” तिची आई म्हणाली.

“हात धर म्हणते.”

“हे तुम्ही म्हणताय की ती?”

मी माझे हात मांडीखालून काढले नव्हते. माझा चष्मा डोळ्यांवर होता, पण मी पडद्याकडे बघत नव्हते. “ती,” मी म्हटलं.

तिची आई पुढे सरकली. लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली, खूप वेळ. तिचा हात उचलला गेला, गोगीच्या कोपराच्या दिशेने अर्ध्यापर्यंत आला आणि तिने तो मागे घेतला. “धरू नका,” ती म्हणाली. “मावशी, तिने मागितलं तरी धरू नका.”

टॅबने पुन्हा विचारलं, ‘कप दाखव.’ थोडा वेळ थांबून त्याने शून्य मांडलं आणि पुढचं चित्र आणलं. गोगीचं कोपर माझ्या दंडाला टेकलेलं होतं, थरथरत, ऊबदार. मी हलले नाही.